अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल की झोन ऑफ इंटरेस्ट? आधी कुठला बघू?

२०२४ च्या ऑस्करला बेस्ट पिक्चरच्या यादीत १० पिक्चर होते. ऑपेनहायमर आणि बार्बी बहुतेकांचे बघून झालेत, आता उरलेल्यांत वेळ कशाला द्यायचा असं विचाराल तर माझ्या मते खरी चुरस दोघांतच आहे. गंमत म्हणजे दोन्हीत सँड्रा ह्युलर ही जर्मन अभिनेत्रीच आहे, दोन्हींना ५-५ नॉमिनेशन होती, आणि २०२३ च्या कान फिल्म फेस्टिव्हलमधे अ‍ॅनाटॉमीला पाम दोर (तिथलं सर्वोच्च बक्षीस) मिळालं तर झोनला ग्रां प्री (दुसऱ्या क्रमांकाचं).

अ‍ॅनाटॉमीत नवरा घराबाहेर बर्फात मेलेला सापडतो, लेखिका असलेल्या बायकोवर खटला, आणि महत्त्वाचा साक्षीदार कोण तर नीट दिसत नसलेला त्यांचा मुलगा. खून की आत्महत्या हे कळेल म्हणून आपण बसतो आणि कोर्ट मात्र त्यांच्या संसाराचीच चिरफाड करत सुटतं. आदल्या दिवशीच्या भांडणाचं रेकॉर्डिंग कोर्टात वाजवतात तो सीन म्हणजे कळस आहे, कुणी कुणाचा वेळ खाल्ला, कुणी कुणासाठी काय सोडलं, इतकं ओळखीचं भांडण की दर दोन वाक्यांनी माझी बाजू बदलत होती. ओरिजिनल स्क्रीनप्लेचं ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण अडीच तास आहे आणि मधे कोर्ट थोडं रेंगाळतं, हे धरून चला. (कुत्र्याचं काम मात्र भल्याभल्यांपेक्षा भारी!)

झोनमधे म्हणावी तशी गोष्टच नाही. आउशविट्झ या नाझी छळछावणीचा कमांडंट, त्याची बायको, पोरं, फुलांची बाग, पोरांसाठी पोहायची टाकी आणि भिंतीपलीकडे ती छावणी. पलीकडची कत्तल दाखवतच नाहीत, नुसती ऐकू येत राहते. साउंडचं ऑस्कर ऑपेनहायमर शर्यतीत असूनही याने नेलं, आणि इंटरनॅशनल फीचरचंही. घरात ठिकठिकाणी कॅमेरे लपवून शूट केलंय, त्यामुळे माणसं सीसीटीव्हीत बघितल्यासारखी लांबून दिसतात, काहींना हे कोरडं वाटेल. मला सगळ्यात जास्त हादरवलं ते नवऱ्याच्या बदलीने, तो जायचं म्हणतो आणि ही म्हणते तू जा, मी हे घर सोडणार नाही. पावणेदोन तासांचाच आहे, पण मोबाइलच्या स्पीकरवर बघणार असाल तर नकोच, हेडफोन तरी लावा.

किलर्स ऑफ द फ्लॉवर मून का नाही म्हणाल, तर २०६ मिनिटं आहेत आणि त्यातली नायिका लिली ग्लॅडस्टोन इतकी जबरदस्त असून तिला बराच वेळ आजारी पाडून बाजूला ठेवलंय, ते मला पटलं नाही. १० नॉमिनेशन, हाती शून्य. आईबाबांसोबत काहीतरी हलकंफुलकं हवं असेल तर सरळ होल्डओव्हर्स लावा, या दोघांच्या नादी लागू नका.

बाकी ज्यांना ऑपेनहायमरमधला चौकशीचा भाग बॉम्बपेक्षा जास्त आवडला त्यांनी अ‍ॅनाटॉमी घ्या, आणि ज्यांना संवादांची गरज वाटत नाही त्यांनी झोन. एकच बघायचा झाला तर माझं मत झोनला. दोन्ही बघणार असाल तर मात्र अ‍ॅनाटॉमी आधी आणि मधे एक दिवस जाऊ द्या, कारण झोननंतर लगेच वकिलांचे युक्तिवाद डोक्यात शिरणार नाहीत.