सीडी-८ चा आकडा दाखवून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा

मामेभावाच्या परवानगीने लिहितेय. पुण्यात आणखी कोणी अशा माणसाच्या हाती लागू नये एवढीच इच्छा आहे.

भावाला एचआयव्ही आहे. सरकारी एआरटी केंद्रातल्या (एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या केंद्रातल्या) मोफत गोळ्या चालू होत्या, तब्येत छान होती. ओळखीतल्या कोणीतरी सिंहगड रस्त्याच्या बाजूचा एक पत्ता दिला. तिथला माणूस म्हणाला, "गोळ्या रोग नुसता दाबून ठेवतात, मी मुळासकट काढतो." चूर्णाचे ४५,००० रुपये, तेही रोख. पावती मागितली तर, "नाव कागदावर येईल, घरी कळेल." भावाची दुखरी नस त्याने अचूक पकडली.

मग गोळ्या बंद करायला लावल्या. काही आठवड्यांनी रक्त तपासून आणायला सांगितलं आणि रिपोर्टमधल्या सीडी-८ च्या आकड्याला लाल पेनाने गोल केला. "बघा, लढणाऱ्या पेशी वाढल्या. औषध लागू पडलं!"

रिपोर्ट खरा होता, त्याने सांगितलेला अर्थ धादांत खोटा. सीडी-८ पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात, म्हणून रक्तात विषाणू वाढला की त्याही वाढतात. म्हणजे तो आकडा गोळ्या बंद केल्याचा परिणाम होता! विषाणू काही सीडी-४ पेशींत (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या, शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशींत) दडून बसलेला असतो. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच परत येतो. अंगात मात्र बराच काळ काही जाणवत नाही, आणि हे लोक त्याच काळात पैसे काढतात. पुढे सीडी-४ चा आकडा २०० च्या खाली गेला की टीबी, न्यूमोनिया गाठतात. त्याच कागदावर सीडी-४ आणि सीडी-८ चं गुणोत्तर छापलेलं होतं. निरोगी माणसात ते साधारण १ च्या वर असतं, भावाचं ०.३ होतं. त्याबद्दल हा माणूस चकार शब्द बोलला नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी, करायलाही त्याने कधी सांगितलं नाही.

भाऊ केंद्रात परत गेला. तिथे कोणी रागावलं नाही, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तुमच्यापैकी कोणी असं थांबलं असेल तर आजच जा, किंवा १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोला.

एड्स बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, तशी औषध नियमांतच बंदी आहे. तक्रारीत नाव फुटेल ही भीती भावालाही होती. पण २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार न्यायालय खरं नाव झाकून टोपणनावाने खटला चालवू शकतं. हे कळल्यावर त्याने तक्रार द्यायचं ठरवलंय.