जर्मनीच्या सर्कशीत जोकर म्हणून निघालो होतो, १,८५,००० रुपये गेले

मागच्या आठवड्यात बार्शीहून एका पोराचा फोन आला. "दादा, जर्मनीत आत्ता थंडी किती असेल? बॅगेत काय काय घेऊ?" मी सोलापुरात अशोक चौकात रिक्षाची वाट बघत उभा होतो. त्याला एका एजंटनं माझा जोकरच्या वेशातला फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमचे आर्टिस्ट, सध्या जर्मनीत'. पोरानं मला कुठल्याशा वाढदिवसाला बघितलं होतं, म्हणून मंडपवाल्याकडून माझा नंबर काढून त्यानं फोन केला.

तो फोटो माझाच आहे. पण मी जर्मनीला कधी गेलोच नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विमानतळावरून परत आलो. आता माझाच चेहरा दाखवून दुसऱ्यांना लुबाडतात म्हटल्यावर गप्प बसणं बरोबर नाही, म्हणून लिहितोय.

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर सर्कस लागायची. एकोणिसाव्या वर्षी मी तिच्याबरोबर निघून गेलो. आधी दोर ओढायचं काम, मग जाळं बांधायचं. तिथल्या म्हाताऱ्या जोकरनं, त्याला आम्ही चाचा म्हणायचो, मला हाताशी धरलं. झुल्याचा आयटम संपला की जाळं उतरवून पुढचं सामान लावायला चार-पाच मिनिटं जातात. तेवढा वेळ अख्खी गॅलरी जोकरनं सांभाळायची. चाचा म्हणायचा, "लोगों को खंभा मत दिखने दे." म्हणजे मागं माणसं खांब हलवतायत हे प्रेक्षकाच्या लक्षातही येता कामा नये.

माझा स्वतःचा आयटम सोलापुरी चादरीचा आहे. झोपायला आलेला माणूस चादरीची घडी घालायला बघतो आणि दर वेळी एक टोक हातात उरतं. खुर्चीवर चढून घालतो, चादरीच्या आत शिरून घालतो, शेवटी स्वतःचीच घडी होते. सात मिनिटं, तोंडातून एक शब्द नाही. चाचा म्हणायचा, हा आयटम कुठल्याही मुलखात चालेल. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. आपल्याकडचा माणूस परदेशातल्या रिंगणात उभा राहू शकतो यावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे.

लॉकडाऊननंतर आमच्या कंपनीचा तंबू पुन्हा उभा राहिला नाही. वाढदिवस, लग्नं, दुकानांची उद्घाटनं यावर घर चालायला लागलं. अशात कलाकारांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून एजंटचा मेसेज आला. जर्मनीतल्या सर्कशीला नाताळच्या सीझनसाठी जोकर हवेत, महिना १,८०,००० रुपये, राहायला कॅरॅव्हॅन, जेवण फुकट. तिकडं नाताळात सर्कशी लागतात हे खरं आहे, त्यामुळं मला शंका आली नाही.

फोनवर त्यानं काय काय विचारलं ते आज आठवलं की जीव जळतो. वय विचारलं, पासपोर्ट विचारला, कपडे शिवायला म्हणून उंची आणि कंबर विचारली. आयटम काय करतोस, किती मिनिटांचा, सामान काय लागतं, यातलं एक अक्षर नाही. मी आपणहून म्हटलं, व्हिडिओ पाठवू का? "गरज नाही सर, तुमचं सिलेक्शन झालं. तिकडं गेल्यावर ट्रेनिंग देतात." मला उलट बरं वाटलं, की आपल्याला असंच घेतलं. दहा वर्षं रिंगणात काढलेल्या माणसानं तिथंच फोन ठेवायला हवा होता. गावजेवणाला आचारी ठरवतानासुद्धा माणूस आधी त्याच्या हातचं खाऊन बघतो.

मग पैसे सुरू झाले. नोंदणीचे ५,०००. मेडिकल आणि करारपत्राचे ३५,०००. व्हिसा फाइलचे ६०,०००. शेवटी तिकीट आणि 'परत मिळणारं डिपॉझिट' म्हणून ८५,०००. प्रत्येक वेळी वेगळा यूपीआय, वेगळ्या माणसाचं नाव. प्रत्येक वेळी आजच भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. शेवटच्या हप्त्याला आईनं बोरमाळ मोडली. आई विड्या वळते. सराफाकडून आली, पैसे माझ्या हातात दिले आणि पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "जा बाळा, तिकडून आल्यावर करून दे." ती बोरमाळ तिच्या आईची होती.

व्हिसा व्हॉट्सॲपवर आला, पीडीएफ. वर माझा फोटो, खाली शिक्का. आता मला माहीत आहे की जर्मनीचा व्हिसा म्हणजे पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला स्टिकर असतो. त्यासाठी माणसाला स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, मूळ पासपोर्ट जमा करावा लागतो. माझा पासपोर्ट तर घरच्या पत्र्याच्या पेटीतून हललाच नव्हता.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. बॅगेत दोन चादरी, रंगाचा डबा, लाल नाक, शेंगा चटणी. विमानतळाच्या दारावरच्या जवानानं तिकिटाचा कागद बघितला आणि विमान कंपनीच्या खिडकीवर जायला सांगितलं. तिथल्या ताईंनी नंबर टाकला. बुकिंग झालं होतं, पण पैसे न भरल्यामुळं आपोआप रद्द झालेलं. त्यांनीच समजावलं, "दादा, सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. पैसे भरलेल्या तिकिटाला तेरा आकडी नंबर असतो, तो यावर नाहीच." मी एजंटला फोन लावला, बंद. अक्कलकोटचा आणि पंढरपूरचा, असे आणखी दोघं तशाच कागदांसह तिथं उभे होते.

पुढची चूक पूर्ण माझी. लाज वाटली म्हणून सहा आठवडे कुणालाच बोललो नाही. फसलात तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढं सरकायच्या आत अडवता येतात. मी तक्रार केली तोवर खाती रिकामी होती. २२,००० तेवढे एका खात्यात गोठवले गेले.

तक्रार करताना मला जे कळलं ते आधी कुणी सांगायला हवं होतं. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला केंद्र सरकारचा परवाना लागतो, १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानं. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर आहे, नाव टाकलं की दिसतं. आणि परवाना असलेला एजंटसुद्धा ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० पेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही, आणि त्याची पावती द्यावी लागते. माझ्याकडं एकही पावती नव्हती.

बाहेरच्या सर्कशीत पोचलेल्या जुन्या साथीदारांना मग मी गाठलं. त्यांचा रस्ता अगदी निराळा होता. आयटमचा न कापलेला व्हिडिओ थेट सर्कशीला जातो. प्रश्न येतात ते असे: किती मिनिटं, सामानाचं वजन किती, रिंगण मोकळं करायला किती वेळ, प्रेक्षक चारी बाजूंनी बसले तर आयटम दिसतो का? रिंगणाचा व्यास जगभर साधारण १३ मीटर, म्हणून हालचाली त्या मापात बसवून दाखवाव्या लागतात. करारात सीझनच्या तारखा, दर खेळाचे पैसे, प्रवासखर्च कुणाचा, विमा कुणाचा, हे लिहिलेलं असतं. कामाच्या व्हिसाला सर्कशीची कागदपत्रं जोडावी लागतात. सर्कशीनं कलाकाराकडं पैसे मागितल्याचं त्यांच्यातल्या एकानंही सांगितलं नाही.

बार्शीच्या त्या पोराला मी एकच विचारलं, "त्यानं तुझा आयटम बघितला का?" बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाला, "नाही दादा." ५,००० आदल्या रात्रीच भरले होते. मी म्हटलं, माझा फोन ठेव आणि आधी १९३० लाव.

संध्याकाळी त्यानं व्हिडिओ पाठवला. शिडीचा आयटम आहे, आठ मिनिटांचा, घराच्या गच्चीवर काढलेला. मधे त्याची आजी वाळवण काढायला येते आणि तो शिडीवरूनच तिला आयटममध्ये ओढतो. मी तीनदा बघितला. रविवारी बार्शीला जातोय, शिडीची तिसरी पायरी जरा लवकर येते, ते त्याला समोर उभं करून दाखवायचंय.