ऑर्ग मोड: वरच्या कामाची टक्केवारी नेमकी कशाची?

इमॅक्स या मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या संगणकप्रणालीतील ऑर्ग मोड हे साधन खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये लिहायला घेतले आणि २००७ मध्ये आलेल्या इमॅक्सच्या २२व्या आवृत्तीपासून ते इमॅक्ससोबतच मोफत मिळते. टिपणे, वेळापत्रक, तक्ते, लेखांची मांडणी असे बरेच काही त्यात करता येत असले, तरी हे परीक्षण मी त्याच्या एकाच अंगापुरते ठेवतो: एका कामाच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे अशी कामे असताना वरच्या कामाची प्रगती ते कशी मोजते. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याला हा प्रश्न सतत विचारला जातो आणि "पाऊण काम झाले" या उत्तरावर पुढच्या तारखा दिल्या जातात. म्हणून ही मोजणी खरी असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

ऑर्गची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. ओळीच्या सुरुवातीला एक तारकाचिन्ह (*) दिले की ते मुख्य काम, दोन दिली की त्याचे उपकाम, तीन दिली की उपकामाचे उपकाम. शीर्षकाआधी कामाची स्थिती सांगणारा शब्द येतो. तो मुळात इंग्रजी असला, तरी फाइलच्या माथ्यावर एक ओळ लिहून तिथे "करायचे" आणि "झाले" हे शब्द ठेवता येतात. मग वरच्या शीर्षकात [/] किंवा [%] एवढेच लिहायचे. खालच्या कामाची स्थिती बदलली की त्या कंसात आकडा आपोआप भरला जातो.

हा आकडा कशाचा असतो, हे एका उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे. "देयक विभाग" या कामाखाली चार उपकामे आहेत असे समजा: पडद्यांचा आराखडा, मजकुराचे भाषांतर, पावतीचा नमुना आणि बँकेशी जोडणी. पहिली तीन पूर्ण झाली आहेत. चौथ्याच्या पोटात आणखी सोळा कामे आहेत आणि त्यांतल्या एकालाही हात लागलेला नाही. ऑर्ग, काही न बदलता वापरला तर, फक्त थेट खालची पातळी मोजतो, त्यामुळे वर ७५ टक्के दिसतात. त्याच शीर्षकाखाली नोंदवायच्या कुकी-डेटा (COOKIE_DATA) या गुणधर्मात "टूडू रिकर्सिव्ह" (todo recursive) असे लिहिले की संपूर्ण फांदीतली, म्हणजे त्याच्या पोटातल्या सगळ्या पातळ्यांवरची, कामे मोजली जातात: विसांपैकी तीन, म्हणजे १५ टक्के. फाइलमधले एकही काम बदललेले नसताना उत्तर पाचपटीने खाली येते. या दुसऱ्या मोजणीत "बँकेशी जोडणी" हे शीर्षकही स्वतंत्र काम म्हणून धरले जाते आणि त्याच्या पोटातली सोळाही वेगळी धरली जातात, हेसुद्धा लक्षात ठेवले पाहिजे. तरीही मोजणीचा नियम वापरणाऱ्याच्या हाती आहे, फाइलमध्ये उघड लिहिलेला आहे आणि एकेका फांदीसाठी वेगळा ठेवता येतो, ही मला या साधनाची सर्वांत मोठी गुणवत्ता वाटते.

अर्थात कामांची संख्या म्हणजे कामाचे वजन नव्हे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या कामाची टक्केवारी उपकामांच्या कालावधीवरून काढली जाते; ऑर्गच्या कंसातल्या आकड्याला मात्र दहा मिनिटांचे काम आणि दहा दिवसांचे काम सारखेच. त्यावरचा उपाय स्तंभदृश्यात, म्हणजे कामे तक्त्यासारखी स्तंभांत दाखवणाऱ्या दृश्यात, आहे. प्रत्येक उपकामाला अंदाजे लागणारा वेळ नोंदवला की त्या दृश्यात वेळेची बेरीज खालून वर होत जाते आणि घड्याळ लावून केलेल्या कामाचा वेळही शेजारच्या स्तंभात फांदीनिहाय दिसतो. अंदाज चाळीस तासांचा आणि खर्च झालेले तास एकतीस, हे शेजारी दिसत असताना सोळापैकी चारच कामे संपलेली असतील, तर वेळापत्रक घसरल्याचे कोणत्याही टक्केवारीपेक्षा लवकर कळते. मी स्वतः तारीख देताना हेच दोन स्तंभ पाहतो.

उणिवाही आहेत. एखादे उपकाम हाताने पुसले किंवा नवे लिहिले तर वरचा आकडा तसाच राहतो. कंट्रोल-सी आणि त्यानंतर हॅशचे चिन्ह दाबून तो ताजा करावा लागतो. "रद्द" ही स्थिती समाप्तीच्या गटात ठेवली की रद्द झालेली कामे पूर्ण झालेल्यांत मोजली जातात आणि प्रगती फुगते. सगळी उपकामे संपली तरी वरचे काम आपण होऊन "झाले" होत नाही. त्यासाठी ऑर्गच्या माहितीपुस्तिकेतला छोटा कोड आपल्या इमॅक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये घालावा लागतो. उलट उपकामे शिल्लक असताना वरचे काम पूर्ण दाखवण्यास मनाई करण्याची सोय आहे, पण तीही सुरुवातीला बंद असते. माझ्या मते ती पहिल्याच दिवशी चालू करावी. एकाच शीर्षकाखाली उपशीर्षकेही आहेत आणि टिकचौकटींची यादीही आहे, असे असल्यास कोणती मोजायची तेही कुकी-डेटामध्येच सांगावे लागते. मराठीत काम करणाऱ्यांना स्तंभदृश्य थोडे खटकेल, कारण देवनागरी अक्षरांची रुंदी एकसारखी नसल्याने स्तंभ सरळ रेषेत राहत नाहीत. आकडे बरोबर असतात, रेघा वाकड्या दिसतात.

एकट्याने मोठे काम पेलणाऱ्याला, किंवा फाइल गिटमध्ये (फाइलमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवून काम करणाऱ्या दोन-तीन जणांच्या गटाला, मी ऑर्ग मोड निःशंकपणे सुचवेन. ज्या कार्यालयात व्यवस्थापक, परीक्षक आणि ग्राहक या सगळ्यांना ब्राउझरमध्ये एकाच वेळी स्थिती पाहायची असते, तिथे ते पुरे पडणार नाही. इमॅक्सच्या कळा अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ प्रत्येकाकडे मागणे रास्त नाही.