पिशवीआधी पुठ्ठा: कॉमिक्ससाठी सहा वर्षं वापरलेल्या स्लीव्ह आणि बोर्डांविषयी

दादाची ४१२ कॉमिक्स माझ्या ताब्यात आली त्याला सहा वर्षं झाली. बहुतेक सगळी सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतली, न्यूजप्रिंटवर छापलेली. त्याने ती वीसेक वर्षं पॉलिप्रॉपिलिनच्या साध्या पिशव्यांत ठेवली होती. प्रत्येकाच्या पाठीमागे पातळ पांढरा पुठ्ठा, सगळी खोक्यात उभी. त्यातली निम्मी मी पिशव्या आणि पातळ बोर्ड फक्त नवे घालून त्याच पद्धतीत ठेवली. उरलेली पॉलिएस्टरच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे पारदर्शक पाकिटांत, आणि जाड बफर्ड (आम्ल शमवणारा पदार्थ मिसळलेल्या) बोर्डवर हलवली. दोन्ही प्रकारची खोकी एकाच कपाटात, शेजारीशेजारी. दर वर्षी एकदा सगळं बाहेर काढून बघते आणि वहीत नोंद करते. हा अभिप्राय त्या वहीवरून लिहिते आहे.

पहिलं खोकं उघडलं तेव्हा मला सगळ्यात आधी दिसले ते वाकलेले बोर्ड. पातळ बोर्डाला एकाच बाजूला चकचकीत लेप असतो, दुसरी बाजू उघडी. उघडी बाजू हवेतली ओल शोषते, लेपाची बाजू शोषत नाही, मग बोर्ड धनुष्यासारखा बाक घेतो आणि पुढचं कॉमिकही त्याच्याबरोबर वाकतं. काही बोर्डांच्या कडा चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. पाकिटावर ‘आम्लविरहित’ असं छापलेलं दादाला आठवत होतं. म्हणून मी पीएच पेन आणलं. या पेनची शाई अल्कलाइन कागदावर जांभळी होते, आम्लधर्मी कागदावर पिवळी. लेपावर रेघ ओढली, जांभळी. मग ब्लेडने लेप खरवडून आतल्या गाभ्यावर ओढली, पिवळी. म्हणजे संरक्षण होतं ते त्या लेपापुरतं, आणि पाचसहा बोर्डांवर तर कॉमिक उलट्या, उघड्या बाजूला टेकलेलं होतं. बोर्ड घालताना चकचकीत बाजू कॉमिककडे हवी, हे दादाला कुणी सांगितलंच नव्हतं.

जाड बोर्डाची गोष्ट वेगळी आहे. मी घेतलेले ४२ पॉइंटचे आहेत, म्हणजे एका इंचाचे ४२ हजारांश, एक मिलिमीटरहून किंचित जास्त. नेहमीचे पातळ बोर्ड २४ पॉइंटचे असतात. जाड बोर्डात ३ टक्के कॅल्शियम कार्बोनेट लगद्यातच मिसळलेलं असतं, वरून फासलेलं नसतं. त्यातला एक मधोमध फाडून पेन फिरवलं, तर फाटलेल्या कडेवरही रेघ जांभळी आली. सहा वर्षांनी, याच महिन्यात, पुन्हा फिरवून पाहिलं. तरीही जांभळी. एकही बोर्ड वाकलेला नाही. या सगळ्या खरेदीतली सगळ्यात चांगली वस्तू मला विचाराल तर हीच.

याचं महत्त्व कळायला कागदाकडे बघावं लागतं. न्यूजप्रिंट लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, काढून टाकलेलं नसतं. उजेड आणि हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं. शिवाय कागदात आम्ल असतं, आणि जुना होताना तो स्वतःच आणखी आम्ल तयार करतो. ते आम्ल सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाचे तंतू ज्याचे असतात त्या पदार्थाच्या, साखळ्या तोडतं आणि एक दिवस पान उलटताना कोपरा हातात येतो. बफर्ड बोर्ड हे थांबवत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. बोर्ड मलपृष्ठाला टेकलेला असतो, मधल्या पानांपर्यंत त्याचा हात पोचत नाही. आजूबाजूचं आम्ल थोडंफार शोषायचं आणि स्वतःचं आम्ल कॉमिकला द्यायचं नाही, एवढं काम तो करतो. तेवढं काम तो चोख करतो.

आता स्लीव्ह. संग्राहक तिला सर्रास मायलार म्हणतात. ते मुळात एका कंपनीचं व्यापारी नाव, वस्तू म्हणजे पॉलिएस्टरची ताणून केलेली फिल्म. मी २ मिल जाडीची वापरते, म्हणजे एका मिलिमीटरचा विसावा भाग. पहिल्यांदा कॉमिक आत सरकवलं तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. पॉलिप्रॉपिलिनमधून जे मुखपृष्ठ धुकट दिसायचं त्याचा लाल रंग अचानक ताजा दिसला. ही फिल्म काळानुसार गढूळ होत नाही, तिच्यात प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) नसतात, आणि हवा तिच्यातून पॉलिप्रॉपिलिनपेक्षा पुष्कळ कमी जाते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांशी हिची गल्लत करू नका. पीव्हीसीतून प्लॅस्टिसायझर बाहेर येतात, शाई त्याला चिकटते, आणि ते विघटित होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. दादाकडे अशी तीन पाकिटं निघाली. त्यातल्या एका मुखपृष्ठावरचा काळा रंग पाकिटाच्या आतल्या बाजूला उमटला होता, तो आता परत येणार नाही.

पॉलिएस्टरमध्ये त्रासाच्या गोष्टी आहेत. स्थिर विजेमुळे ती धूळ ओढते, म्हणून भरायच्या आधी टेबल ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावं लागतं. कडा टणक असतात. पहिल्याच दिवशी मी घाईने आत सरकवताना एका कॉमिकचा वरचा कोपरा तोंडाशी अडकला आणि दोन मिलिमीटरची दुमड पडली. आता मी आधी बोर्ड स्लीव्हमध्ये अर्धा घालते, त्यावर कॉमिक ठेवते आणि दोन्ही एकत्र आत सरकवते. हातमोजे घालत नाही. हात धुऊन कोरडे केले की बोटांना कागद नीट कळतो, मोज्यांत तो कळत नाही आणि पान फाटतं.

माप बघून घ्या. आजच्या कॉमिकसाठीची स्लीव्ह सत्तरच्या दशकातल्या कॉमिकला आवळून बसते, कारण ती कॉमिक्स थोडी रुंद आहेत. ‘सिल्व्हर’ नावाचं माप मागवा. मी सुरुवातीला पन्नास स्लीव्ह चुकीच्या मापाच्या घेतल्या आणि त्यात दोन कॉमिक्सच्या कडा उन्हातल्या पापडासारख्या लहरी झाल्या.

एक धोक्याची सूचना, आणि इथे मी थोडी थांबणार आहे. अनेकजण सगळा खर्च स्लीव्हवर करतात आणि आत पातळ बोर्ड तसाच ठेवतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने नकाशे आणि दस्तऐवज पॉलिएस्टरच्या दोन थरांत बंद करण्याची पद्धत रुजवली, आणि तिथल्याच कामातून हेही पुढे आलं की आम्लधर्मी कागद तसाच बंद केला तर तो उलट लवकर जुना होतो. कागद जे सोडतो ते बाहेर जाऊ शकत नाही, आतच फिरत राहतं. कॉमिकची स्लीव्ह वरून उघडी असते, चारही बाजूंनी सांधलेली नसते, त्यामुळे धोका तेवढा नाही. पण दिशा तीच. स्लीव्ह जितकी घट्ट, तितका आतला बोर्ड चांगला हवा. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर जाड बोर्ड घ्या आणि तो पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत घाला. त्या पिशव्या पाचसात वर्षांनी बदलाव्या लागतील, तेवढं चालेल.

झाकणाची पट्टी बोर्डाच्या मागे खोचते, चिकटपट्टी लावत नाही. दादा लावायचा. कॉमिक बाहेर काढताना ती सुटी पट्टी मुखपृष्ठाला चिकटते आणि ओढली की रंगाचा पापुद्रा घेऊन येते. अशी सात कॉमिक्स मोजली मी. वाईट वाटलं, कारण ती त्याने सगळ्यात जास्त वेळा वाचलेली होती.

खोक्याबद्दल थोडक्यात. लहान खोकं घ्या. लांब खोकं भरलं की एकट्याला उचलवत नाही, आणि उचलताना हातातून सुटलं तर सगळ्या कॉमिक्सचे खालचे कोपरे एका क्षणात जातात. जाड बोर्डांमुळे माझ्या लहान खोक्यात दीडशेच्या जागी सव्वाशेच मावतात. कॉमिक्स उभी ठेवायची, पण तिरकी कलू द्यायची नाहीत. जागा उरली तर मागे बफर्ड बोर्डांचा गठ्ठा भरा. खोकी जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकलेली. मी आत आर्द्रतामापक ठेवला आहे. ४० ते ५० टक्क्यांच्या आत राहिलं तर बरं. त्याहीपेक्षा आकडा रोज वरखाली होऊ नये हे महत्त्वाचं, कारण कागद प्रत्येक वेळी फुगतो आणि आकसतो. ६५ च्या वर गेलं की बुरशी आणि कसर यांची वाट मोकळी होते, आणि पिनांना गंज चढतो. गंज कागदात उतरला की तो तपकिरी डाग कायमचा.

हवामान किती मोठं काम करतं याचं उदाहरण म्हणजे एडगर चर्च यांचा संग्रह. कोलोरॅडोतल्या या व्यावसायिक चित्रकाराने १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे घेतलेली हजारो कॉमिक्स १९७७ मध्ये कॉमिक्सविक्रेते चक रोझान्स्की यांच्या हाती लागली, आणि ‘माइल हाय’ नावाने तो संग्रह प्रसिद्ध झाला. पिशवी नाही, बोर्ड नाही. तळघरात एकावर एक रचलेले उंच गठ्ठे, कोरडी थंड हवा, अंधार. वजनाने पानं घट्ट मिटलेली राहिली आणि हवा आत शिरली नाही. चाळीस वर्षांनी पानं पांढरी निघाली. मी हे वाचल्यापासून स्लीव्हच्या जाडीवर वाद घालणं सोडून दिलं आणि कपाटाची जागा बदलली.

आता ग्रेडिंगच्या, म्हणजे कॉमिकची अवस्था तपासून त्याला गुण देण्याच्या, सेवेबद्दल. दादाने सांगितलं म्हणून मी तीन कॉमिक्स ग्रेड करायला पाठवली. या क्षेत्रात सीजीसी ही संस्था २००० साली आली आणि ०.५ ते १० ही मोजपट्टी सगळीकडे रूढ झाली. ९ आणि १० यांच्यामध्येच ९.२, ९.४, ९.६, ९.८ आणि ९.९ अशा पाच पायऱ्या आहेत. घरी बसून हा फरक सांगणं अवघड. आम्ही ज्यांच्याकडे पाठवलं त्यांचं नाव लिहीत नाही. एक कॉमिक आम्ही ८ च्या आसपास धरलं होतं, ते ६.५ होऊन आलं. राग आला. ग्रेड झालेलं कॉमिक स्लॅबमध्ये, म्हणजे टणक प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत, येतं; मग त्या प्लॅस्टिकमधूनच मलपृष्ठावर टॉर्च आडवा धरला, तेव्हा खालच्या भागात ओल लागल्याची फिकट लाट दिसली. त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून प्रत्येक कॉमिक मी आडव्या प्रकाशात तपासते: स्पाइनवरच्या (घडीच्या कडेवरच्या) रंग तुटलेल्या बारीक रेषा, पिनांभोवतीची चीर, मधलं पान सुटलंय का. आणि प्रत्येक पान उलटते. १९७४ पासून काही काळ मार्व्हलच्या वाचकपत्रांच्या पानावर कापून जमवायचं व्हॅल्यू स्टॅम्प असायचं. आमच्या एका अंकातलं ते कुणीतरी कात्रीने नीट कापून घेतलं आहे. बाहेरून तो अंक देखणा, ग्रेड मात्र तळाला.

विकायचं असेल, किंवा अंक अस्सल आहे आणि त्यावर रंगकाम झालेलं नाही याची खात्री समोरच्याला द्यायची असेल, तर ही सेवा उपयोगी आहे, मी ती नाकारत नाही. जतनासाठी मात्र ती स्लीव्ह आणि बोर्डांपेक्षा फार काही जास्त देते असं मला दिसलं नाही. स्लॅब उजेडात ठेवला तर रंग उडतोच, पिवळा आणि किरमिजी आधी. आमचे तिन्ही स्लॅब कपाटात, अंधारातच आहेत. आणि त्यातलं कॉमिक वाचता येत नाही.

सहा वर्षांच्या नोंदी एवढ्याच: जाड बोर्ड आणि पॉलिएस्टरमधल्या कॉमिक्सच्या पानांचा रंग मला पहिल्या वर्षाच्या फोटोंपेक्षा वेगळा दिसत नाही. जुन्या पद्धतीच्या गटात चौदा बोर्ड पुन्हा वाकले, नव्या पिशव्यांतल्या काही धुकट झाल्या, आणि दोन मलपृष्ठांच्या कडा गडद झाल्यासारख्या वाटतात. पुढच्या महिन्यात तो गटही मी जाड बोर्डांवर हलवते आहे, बोर्ड मागवून झाले.

एक अंक मात्र मी वेगळा काढला आहे. त्याच्या मुखपृष्ठावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात दादाने नऊ वर्षांचा असताना निळ्या बॉलपेनने आपलं नाव लिहिलंय, दाबून, इतकं की आतल्या पानावरही वळ उठलाय. ग्रेडच्या हिशेबात ते नुकसान. फोनवर विचारलं, “हा पाठवू का रे?” तर म्हणाला, “नको, तो हातात घेता आला पाहिजे.” त्याला मी ४ मिलची जाड स्लीव्ह घेतली, बोर्डाची नीट बाजू बघून घातला, आणि पहिल्या खोक्यात सगळ्यात पुढे ठेवला. दादा येतो तेव्हा तो आधी हात धुतो आणि मग तोच काढतो.