ऑइल फिल्टरचं हाउसिंग गळतंय: नुसते सील (रबरी कड्या) बदलायचे की अख्खं हाउसिंग?

अमेरिकेतल्या राम १५०० पिकअपच्या ३.६ लिटर पेंटास्टार इंजिनात ऑइल फिल्टरचं हाउसिंग, म्हणजे फिल्टर बसवायचं घर, प्लॅस्टिकचं, तेही इनटेक मॅनिफोल्डखालच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याखालच्या) खाचेत. गळलेलं तेल तिथे साचतं आणि मागे बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणावर) ओघळतं. संशय मात्र तिथेच असलेल्या क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलवर! म्हणून आधी टॉर्च मारून खाच बघा.

सील स्वस्त. पण प्लॅस्टिक तापून वाकलं किंवा तडकलं असेल, तर नवे सीलही गळणारच. ॲल्युमिनियमचं हाउसिंग महाग, पण तसं वाकत नाही. सील बदला की हाउसिंग, मॅनिफोल्ड उतरवायचंच, म्हणजे मजुरी जवळपास तीच. पुन्हा उघडायची हौस कोणाला? मी ॲल्युमिनियमच घेईन. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा, आणि खाचेतलं जुनं तेल पुसा. नाहीतर तेच ओघळून नवी गळती वाटेल.