आठवडी बाजारातलं वेणीफणीचं सामान : काय घ्यावं, काय पालातच राहू द्यावं

विदर्भातल्या आठवडी बाजारात बांगड्यांच्या शेजारी मनिहारीचं पाल असतंच. दोरीवर लोंबणाऱ्या रिबिनी, पुठ्ठ्यावर टाचलेले रबर, टोपलीत कंगवे आणि फण्या, मागे गंगावनांचे, म्हणजे वेणीत गुंफायच्या उसन्या केसांचे झुबके, कडेला शिकेकाईच्या पुड्या. शाळेतल्या मुलीच्या दोन वेण्या असोत की कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचा एक शेपटा, सामान इथूनच येतं. दोनशेच्या नोटेत सगळं बसतं. अडचण एवढीच की केस राखणारी वस्तू आणि केस तोडणारी वस्तू एकमेकींना लागून मांडलेल्या असतात, आणि भावात फारसा फरक नसतो.

आधी रबर, कारण शेपट्याचं सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. पुड्यांना लावतात ते उघडं रबर वेणीला लावूच नका. ते केसाला धरून बसतं, काढताना दरवेळी चार-दोन केस मोडतात, आणि काही महिन्यांत शेपट्याचं टोक झाडूसारखं दिसू लागतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. पारा ४५ अंशांकडे गेला की हे रबर चिकट होऊन केसावर डिंकासारखं बसतं. असं झालं तर ओढू नका. रबर कात्रीच्या टोकानं कापा, उरलेल्या चिकट्यावर खोबरेल चोळून १० मिनिटं थांबा आणि मग बोटांनी हळूहळू खाली सरकवा.

घ्यायचं ते दोऱ्यानं मढवलेलं रबर, आणि तेही जोड पाहून. दोन टोकं पत्र्याच्या चिमटीनं जोडलेली असतील तर ठेवून द्या, त्या फटीत केस अडकून तुटतो. ताणून पाहा: सहज दुप्पट व्हावं, सोडल्यावर जागेवर यावं, आणि आतलं रबर दोऱ्यातून डोकावू नये.

रबरापेक्षाही चांगली सुती फीत, बोटभर रुंदीची. चकचकीत साटनची रिबीन दिसायला छान, पण ती घसरते. ती घसरू नये म्हणून आई गाठ आवळते, आणि आवळलेल्या जागी केस मोडतो. सुती फीत सैल गाठीतही टिकते. एका वेणीला साधारण पाऊण ते एक मीटर पुरते. शेवटची चार बोटं वेणी उरली की फीत मधोमध दुमडून पेडांमागे घाला, तिची दोन टोकं दोन पेडांबरोबर गुंफत न्या आणि खाली गाठ मारा. ताण फितीवर येतो, केसावर येत नाही. शाळेसाठी वेण्या दुमडून कानापाशी बांधतात, तेव्हा दुमड रोज त्याच जागी पडू देऊ नका. एक दिवस दोन बोटं वर, दुसऱ्या दिवशी दोन बोटं खाली. लाल फीत घेताना टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासून बघा. रंग लागला तर पावसाळ्यात तो गणवेशावरही उतरेल.

सामान कितीही चांगलं असलं तरी वेणी घालणारा हात घट्ट असेल तर उपयोग नाही. वेणी घातल्यावर भुवया ताणल्यासारख्या वाटल्या, कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या उठल्या किंवा डोकं ठणकायला लागलं, तर वेणी त्याच वेळी सोडून पुन्हा घाला. ‘बसेल सवय’ म्हणून सोडून देऊ नका. सतत ओढीनं कपाळाच्या कडेचे आणि कानशिलाचे केस जातात, हे डॉक्टरांनी १९०७ सालीच लिहून ठेवलं आहे. ग्रीनलंडमध्ये केस वर घट्ट ओढून बांधणाऱ्यांत ते पहिल्यांदा दिसलं. सुरुवातीला ओढ थांबवली की केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मूळच मरतं, तिथं मग कोणतंही तेल केस उगवत नाही. पहिली दोन वळणं सैल ठेवा, कस मानेच्या खाली आणा. भांग दर आठवड्याला जरा सरकवा.

हल्ली तालुक्याच्या पार्लरमध्ये डोक्याला चिकटून जाणाऱ्या बारीक वेण्या घालून मिळतात, कबड्डी-खोखोच्या मुली हौसेनं घालतात. ही पद्धत आफ्रिकी केसांची. तो केस मुळापासून गुंडाळी घेत येतो, टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून तो कोरडा पडतो. वेण्यांत बांधून, वरून ओलावा आणि तेल देत सहा-आठ आठवडे राखणं त्याला मानवतं. टाळू मात्र तिथंही मध्ये मध्ये धुतात. आपल्याकडचा सरळ केस निसटतो, म्हणून पार्लरवाली तो टिकावा म्हणून जास्त ओढते. शिवाय आपल्या उन्हात घाम येऊन तेलकट टाळू दोन दिवसांत खाजायला लागते. सामन्यापुरत्या दोन-तीन दिवस ठेवा, आठवड्याच्या वर नको. आफ्रिकी बायकांची एक गोष्ट मात्र नक्की उचलण्यासारखी: रात्री साटनच्या कापडात केस बांधून झोपणं. जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा उशीवर घातला तरी तेच काम होतं. साटनची रिबीन नको म्हटलं ते तिच्या घसरण्यामुळे. उशीवर तेच घसरणं हवं असतं.

अशा वेण्या सोडताना मुठीत केसांचा पुंजका येतो आणि घरातले घाबरतात. डोक्यावरून रोज ५० ते १०० केस गळतच असतात. पाच दिवस वेणीत अडकून राहिलेले एकदम बाहेर येतात. एखादा केस बोटांत धरून पाहा. टोकाला पांढरा बारीक कंद दिसला तर तो आपल्या वेळेनं गळलेला. कंद नसला आणि केस आखूड असला तर तो तुटलेला, म्हणजे कुठेतरी ओढ किंवा घासणं आहे.

कंगवा घेताना अंगठ्याचं नख दोन दातांमधून फिरवा. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्याला दाताच्या मधोमध बारीक शिवण राहते, ती नखाला खरखरते. तीच केस सोलते. लाकडी, रुंद दातांचा कंगवा त्यापेक्षा महाग, पण हिवाळ्याच्या कोरड्या हवेत केस उडत नाहीत आणि वर्षानुवर्षं टिकतो. फक्त तो पाण्यात भिजत ठेवू नका, दात फुगून चिरतात. महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवा. उवांसाठी बारीक दातांची धातूची फणी वेगळी ठेवा. एकदा विंचरून भागत नाही. लिखा आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून तेवढ्या अंतरानं पुन्हा बसावंच लागतं. रॉकेल डोक्याला लावू नका, कातडी भाजते आणि चुलीजवळ पेट घेण्याची भीती.

शिकेकाईची तयार पुडी घेऊ नका, शेंगा सुट्या मिळतात त्या घ्या. पुडी घ्यायचीच झाली तर चमचाभर ग्लासात पाण्यात हलवून ठेवा. फेस टिकला पाहिजे, तळाशी वाळू बसता कामा नये. कमरेपर्यंतच्या केसांना एका वेळी शिकेकाईच्या शेंगा ४० ग्रॅम, बिया काढलेले चार-पाच रिठे आणि मूठभर आवळकाठी, एक लीटर पाण्यात रात्रभर. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो. सकाळी १० मिनिटं उकळा, कुस्करा आणि फडक्यातून दोनदा गाळा. गाळण्यात आळस केला तर चोथा वेणीच्या पेडांत अडकतो आणि कोंड्यासारखा दिसतो. डोळे मिटून घ्या, रिठा फार झोंबतो.

हे सगळं करायचं ते पाण्यामुळे. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, त्याचा पांढरा चिकटा केसावर बसतो आणि वेणी सुतळीसारखी राठ होते. रिठा-शिकेकाईचा फेस असा फाटत नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारं, तिथं तर शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचाच घ्यावा. ते एक लीटर असलं तर त्यात अर्धं लिंबू पिळा.

वेचणीच्या दिवसांत क्रम महत्त्वाचा. कापसाचे तंतू, पाल्याचा चुरा आणि धूळ केसात असताना पाणी ओतलं तर मुळाशी चिखल होतो. आधी वेणी कोरडीच सोडा, झटका, टोकापासून वर विंचरा, मग धुवा. गोखरू अडकला असेल तर तेल लावून काट्यांतून केस एकेक सोडवा. ओली वेणी घालू नका. ओला केस ताणला की लवकर तुटतो, आणि आत दमट राहिलेल्या शेपट्याला आंबूस वास येतो.

उडणाऱ्या बटांसाठी पालातल्या जेलच्या डबीपेक्षा घरातलं जवस चांगलं. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटेपर्यंत. गरम असतानाच गाळा, थंड झालं की फडक्यातून उतरत नाही. वाटाण्याएवढं बोटावर घेऊन कपाळाच्या कडेला लावा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, बाहेर ठेवलं तर त्याच दिवशी संपवा. जवसाचं तेल मात्र वेणीला नको. ते हवेत सुकून चिकट थर धरतं, रंग आणि वार्निशमध्ये त्याच गुणासाठी घालतात. केसाला खोबरेल बरं, चमचाभर, धुण्याच्या आदल्या रात्री.

गंगावन लग्नाकार्यापुरतं. हातात तोलून हलकंच निवडा, कारण सगळं वजन मुळांवर येतं. अडकवायचं ते मानेखाली, तीन पेडांच्या मध्ये, डोक्याच्या मध्यावर नाही. स्वस्तातलं बहुतेक नायलॉनचं असतं. दुकानदाराला विचारून एक तंतू जाळून बघा: वितळून गोळी झाली तर नायलॉन, राख होऊन केस जळाल्याचा वास आला तर खरा केस. नायलॉनचं असेल तर पंगतीच्या चुलीकडे जाताना वेणी पदराखाली खोचून घ्या.