वायरचे इन-इअर मॉनिटर: गणपती ते लग्नसराई वापरल्यानंतर

गणपतीपासून लग्नसराईपर्यंतचा अख्खा हंगाम वायरच्या इन-इअरवर, म्हणजे स्टेजवरचा आवाज थेट कानात ऐकवणाऱ्या इअरफोनवर काढला. एका जागी बसून वाजवणाऱ्याने वायरलेसच्या नादी लागू नये, हे माझं ठाम मत झालंय. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर, शेजारी ऑक्टोपॅड आणि ढोलकी; आमच्यातलं कुणी स्टेजभर फिरत नाही. स्वस्तातले बरेच वायरलेस सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यात. गांधी मैदानात समोर एवढे मोबाइल असताना ऐन गाण्यात आवाज तुटला तर करायचं काय?

माझा संच साधा आहे: शुअरचे एसई२१५ इअरफोन, बेरिंजरचा पी२ बेल्टपॅक (कमरेला लावायचा इअरफोनचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर) आणि मिक्सरपासून येणारी लांब एक्सएलआर केबल (माइकला असते तशी). पॅकला दोन ट्रिपल-ए सेल लागतात, ते दर कार्यक्रमाला नवे घालतो.

पॅकवरचं मोनो-स्टिरिओचं बटण सगळ्यात आधी बघा. एका ऑक्समधून (मिक्सरवरून वादकासाठी वेगळा काढलेला आवाज) एकच बॅलन्स्ड केबल, म्हणजे एकच सिग्नल दोन तारांतून सुलटा आणि उलटा नेणारी, आली असेल तर ते मोनोवरच हवं. स्टिरिओवर राहिलं तर डाव्या कानातला सिग्नल उजव्या कानात उलटा येतो. ऐकू सगळं येतं, पण पोकळ. बेस गायब होतो आणि माणूस उगीच इक्यू (बेस-ट्रेबलची बटणं) फिरवत बसतो.

ऑक्स प्री-फेडर मागा, म्हणजे मिक्सरवरच्या फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाच्या) आधी घेतलेला. नाहीतर साउंडवाल्यांनी लोकांसाठी गायिकेचा फेडर खाली घेतला की तुमच्या कानातूनही ती जाते. साउंडचेकला 'भाऊ, माझा ऑक्स प्री ठेवा' एवढं म्हटलं की काम होतं.

खरा फरक पडला इअरफोनच्या कानात जाणाऱ्या टिप्सनी. बाहेरचा आवाज ३७ डेसिबलपर्यंत अडतो असं कंपनी सांगते, पण टिप घट्ट बसली तरच. माझ्या कानात सिलिकॉनची टिप घामाने सरकायची. कोरसला तोंड उघडलं की सील सुटायचं आणि बेस पळायचा. फोमची टिप चिमटीत दाबायची, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. फोम लवकर खराब होतो, जास्तीचे जोड जवळ ठेवा.

कार्यक्रमानंतर रात्री कान वाजायचे, ते थांबलं. पण आवाज आपल्यालाच आवरावा लागतो. अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आठ तास चालतात, १०० डेसिबलला मात्र फक्त १५ मिनिटं. एक कान उघडा ठेवून वाजवू नका. दुसऱ्या कानातला आवाज हमखास वाढवला जातो.

एक उणीव मात्र जाणवते. शाहू स्मारकसारख्या सभागृहात टाळ्या आणि 'वन्स मोअर' ऐकू येईनात, अगदी एकटं वाटायचं. आता स्टेजच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून एक माइक लावतो, तो फक्त ऑक्समध्ये. वाजवायची मजा परत आली.

फिरत गाणाऱ्यांनी वायरलेसच घ्यावं, केबल पायात येते. बसणाऱ्यांनी केबलचा एक वेढा पट्ट्याला द्यावा. कुणाचा पाय अडकला तरी ओढ जॅकवर येत नाही.